प्रश्न आपला, पैसाही आपलाच!

‘संशोधन’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरा कोट, जाड चष्मा, काचेच्या नळ्या आणि आपल्याला न कळणारं इंग्रजी! ‘आपला काय संबंध’ म्हणत आपण ते पान उलटतो आणि पाककृतीकडे वळतो. पण मैत्रिणींनो, त्या पाककृतीतली तूरडाळसुद्धा कुणाच्या तरी संशोधनातून आपल्या डब्यात आलेली असते. आणि त्या संशोधनाचा पैसा? तो तुमच्या-आमच्याच पिशवीतून गेलेला असतो. साबणाची वडी घेतली तरी आपण कर भरतो. त्याच करातून सरकार संशोधनाला पैसा देतं. म्हणजे आपण नुसत्या बघ्या नाही, देणेकरी आहोत. आणि ज्याने पैसे दिले, त्याने ‘काय केलं त्याचं?’ असं विचारायचं असतं.

आपल्या जालन्याचंच बघा ना. संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की बदनापूर येतं. बसमधून जाताना आपण कितीदा ते गाव मागे टाकलं असेल. तिथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे. तिथे तुरीवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. ‘बीडीएन ७११’ हे पांढऱ्या तुरीचं वाण तिथलंच. त्यातला ‘बीडीएन’ म्हणजे आपलं बदनापूर! हे वाण साधारण पाच महिन्यांत हाताशी येतं. जुन्या तुरी त्याहून जास्त दिवस रानात उभ्या राहायच्या. परतीचा पाऊस दगा देतो, जमिनीतली ओल संपते आणि शेंगा भरायच्या वेळीच झाड सुकायला लागतं. महिनाभर आधी पीक निघालं तर ते संकट टळतं. कुणीतरी शेतकऱ्याची ही अडचण ओळखली, तिच्यावर सरकारी पैसा लावला, वर्षानुवर्षं निवड केली, म्हणून हे झालं. असं काम एका हंगामात होत नसतं. त्याला धीर लागतो आणि दरवर्षी न चुकता येणारा पैसाही लागतो.

दुसरं उदाहरण पाण्याचं. जालनेकर बायकांना पाण्याचं मोल काही सांगायला नको. २०१२-१३च्या दुष्काळात नळाची वाट बघत काढलेले दिवस कोण विसरेल? पण त्याच दुष्काळात आपल्याच तालुक्यातल्या कडवंचीत द्राक्षबागा तगल्या. ही किमया एका रात्रीतली नव्हती. १९९६ साली तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं काम सुरू झालं. पैसा नाबार्डमार्फत आलेला, जर्मनीतल्या करदात्यांचाही त्यात वाटा. मार्गदर्शन खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवणं, बांधबंदिस्ती, पुढे शेततळी. अटी मात्र कडक असायच्या. श्रमदान करायचं, मोकाट चराईला बंदी, झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. गावाने घाम गाळला, शास्त्र शिकून घेतलं, आणि नंतर ते टिकवलंही.

आता शेततळी तर गावोगाव झाली. पण जमिनीच्या पोटातलं पाणी उपसून तळी भरायची की पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायचं, हा प्रश्न राहतोच. म्हणूनच पाणी मोजणंही संशोधनाचंच काम. २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. लोक त्याला ‘पोकरा’ म्हणतात. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन, पाच हजारांवर गावांसाठी. आपला जिल्हाही त्यात आला. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत बसवून दिली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती, पिकाला किती लागेल. आपण महिन्याच्या किराण्याचा हिशेब मांडतो ना, अगदी तसंच!

हे सगळं चांगलंच आहे. पण आता जरा खटकणारं सांगते.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकदा मी विचारलं, “तुमच्या कोणत्या त्रासावर शास्त्रज्ञांनी काम करावं असं वाटतं?” थोडा वेळ कुणी बोलेना. मग कापूस वेचायला जाणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “ताई, हे आजवर कोनी इचारलंच नाही बघा.” आणि मग जी सुरुवात झाली! बोंडाच्या काट्यांनी सोललेली बोटं, कमरेला बांधलेलं ओझं, दिवसभर वाकून धरलेली पाठ, रानात आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं. त्या दिवशी मला उमगलं, पैसा प्रश्नाच्या मागे जातो. जो प्रश्न कुणी विचारलाच नाही, त्यावर छदामही खर्च होत नाही.

न विचारता खर्च केला तर काय होतं, तेही आपल्या देशाने पाहिलंय. तुमच्यापैकी काहींच्या घरी ‘सुधारित चूल’ आली असेल. धुराने बायकांचे डोळे आणि छाती खराब होते, जंगलही तुटतं, म्हणून १९८०च्या दशकात केंद्र सरकारने मोठा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तांत्रिक मदतीसाठी राज्याराज्यांत केंद्रं नेमली. २००२मध्ये तो थांबेपर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. हेतू किती चांगला! पण कितीतरी चुली काही दिवसांतच कोपऱ्यात पडल्या. कुठे घरातलं भांडंच वैलावर नीट बसेना, कुठे धुराडं तुंबलं की दुरुस्तीला माणूस मिळेना. चूल फुंकणारीला आधी विचारलं असतं, तर तिने पाच मिनिटांत सांगितलं असतं की भाकरीला जाळ कसा लागतो.

आणि विचारलं की काय घडतं? त्यासाठी गडचिरोलीला जाऊ या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरातल्या अवघ्या आठ! अंगावरून जाणं, पोटात दुखणं, हे तर ‘बाईच्या जातीचं भोग’ म्हणून आपण गिळत आलो. तोवर सरकारी आरोग्ययोजनांत बाई दिसायची ती मुख्यतः गरोदर म्हणून, नाहीतर कुटुंबनियोजनासाठी. एका प्रश्नाने जगाला सांगितलं की बाईला बाकीचं शरीरही असतं.

आपल्या शेजारी परभणीतही असं काम झालंय, हे मला उशिरा कळलं. तिथल्या कृषी विद्यापीठाच्या पूर्वीच्या गृहविज्ञान, आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शेतकरी बायकांचे कष्ट मोजण्याचं आणि कमी करण्याचं संशोधन अखिल भारतीय प्रकल्पातून झालं. भाजी तोडताना हात सोलू नयेत म्हणून हातमोजे, कापूस वेचायला सोयीची पिशवी, अशी साधी साधी साधनं. यात रॉकेटचं शास्त्र नाही, पण मावशींच्या बोटांना त्याचीच गरज आहे. मग ती साधनं परभणीहून आमच्या मावशींपर्यंत का पोचली नाहीत? शोध लावणं हे अर्धं काम झालं. पोचवणं हे उरलेलं अर्धं. त्याला पैसाही कमी आणि कौतुकही कमी.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे देशात संशोधनाच्या पैशाची नवी मांडणी होते आहे. २०२३ साली संसदेने कायदा करून ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ स्थापन करायचं ठरवलं. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपयांचा संकल्प, त्यातला मोठा भाग खासगी क्षेत्राकडून यावा अशी अपेक्षा. पहिल्या मोहिमांपैकी एक विजेवरच्या गाड्यांची आहे. असू दे, धूर कमी होईल. पण एकंदरीत आपला देश शंभर रुपयांच्या उत्पन्नातले जेमतेम ६४ पैसे संशोधनावर खर्च करतो. दक्षिण कोरिया पाच रुपयांच्या आसपास करतो. पैसा मुळातच थोडका असेल, तर तो कुठल्या प्रश्नावर लागतो हे जास्तच महत्त्वाचं. थोडक्या पैशात घर चालवणारीला हे वेगळं सांगायला नको!

मग आपण काय करायचं? दिल्लीला जायची गरज नाही. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राची एक वैज्ञानिक सल्लागार समिती असते. पुढच्या वर्षी काय काम करायचं, याची चर्चा तिथे होते आणि त्यात शेतकऱ्यांचे, शेतकरी महिलांचेही प्रतिनिधी असतात. आपल्या भागातली ती प्रतिनिधी कोण, हे विचारा. तिला आपल्या गटाच्या बैठकीला बोलवा. गावात पाण्याचं नियोजन होतं, ग्रामसभा भरते, तेव्हा मागे पदर सावरून बसू नका. कुठला हातपंप संक्रांतीनंतर आटतो, हे कुठल्याही यंत्राच्या आधी आपल्याला माहीत असतं. ते सांगा आणि लिहून घ्यायला लावा. मुलगी विज्ञान शाखेला असेल तर तिच्या कॉलेजच्या प्रकल्पासाठी घरातला, गल्लीतला विषय सुचवा.

आणि एक सोपं काम तर याच महिन्यात करता येईल. गटाच्या वहीत शेवटचं पान मोकळं ठेवा. वर लिहा, ‘आमचे प्रश्न’. प्रत्येकीने एक प्रश्न सांगायचा, जिला लिहिता येत नाही तिचा दुसरीने लिहायचा. चार-सहा महिन्यांनी ते पान घेऊन दोघी-तिघींनी खरपुडीला किंवा बदनापूरला जायचं. त्यांच्याकडे उत्तर असेल तर घेऊन यायचं. नसेल तर प्रश्न तिथे ठेवून यायचा. मावशींचा प्रश्न मी पहिल्याच ओळीवर लिहिलाय. तुमचा कोणता?