विक्रीच्या जनावराचे छायाचित्र : कसे काढावे, कसे पाठवावे

जनावराची खरेदी-विक्री पूर्वी सांगोल्याचा बाजार, खरसुंडीची यात्रा अशा ठिकाणी समोरासमोरच होत असे. लम्पी चर्मरोगामुळे २०२२ मध्ये बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा अनेक पशुपालकांनी मोबाईलवर छायाचित्रे पाठवून गिऱ्हाईक शोधले. बाजार पुन्हा भरू लागले तरी ही पद्धत टिकून आहे. परंतु बरीच छायाचित्रे अशी असतात की त्यावरून जनावराची पारख होत नाही. चांगले जनावर कमी भावात जाते किंवा दूरवरून आलेला खरेदीदार गाडीभाडे भरून रिकाम्या हाताने परततो. म्हणून पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

छायाचित्र काढण्यापूर्वी

जनावर धुऊन, अंग कोरडे झाल्यावर सपाट व कोरड्या जागी उभे करावे. चिखलात किंवा उंच गवतात खूर दिसत नाहीत. सकाळचे किंवा उतरते ऊन आपल्या पाठीशी असावे. दावे एका माणसाने धरावे. गाई-म्हशींना थेट पाठीमागचे दिसत नाही, त्यामुळे मागून अचानक जाऊ नये. फ्लॅश वापरू नये, जनावर बुजते.

कोणती छायाचित्रे घ्यावीत

१) बाजू : मोबाईल आडवा धरून १२ ते १५ फुटांवरून संपूर्ण जनावर घ्यावे. मोबाईल जनावराच्या अंगाच्या मध्याइतक्या उंचीवर असावा. उभ्याने वरून घेतल्यास पाय आखूड दिसतात, फार जवळून घेतल्यास डोके मोठे दिसते. शेळीसाठी खाली बसावे. चारही पाय वेगवेगळे दिसले पाहिजेत.

२) समोर आणि मागे : छातीची रुंदी, शिंगांची ठेवण व मागील पायांची ठेवण यातून कळते.

३) कास : दुभत्या जनावराची कास धार काढण्यापूर्वी व काढल्यानंतर अशी दोनदा घ्यावी. चांगली कास धारेनंतर आक्रसते, मांसल कास तशीच मोठी राहते. कास मोठी दिसावी म्हणून धार तुंबवून ठेवू नये. त्यामुळे जनावराला वेदना होतात आणि कासदाहाचा धोका वाढतो.

४) दात : वयाचा अंदाज दातांवरून येतो. कायम दातांची पहिली जोडी साधारण २ ते २.५ वर्षांत येते आणि ५ वर्षांच्या सुमारास आठही दात पूर्ण होतात. म्हणून नुसते 'दुसा' किंवा 'चौसा' असे न लिहिता खालच्या जबड्याचे स्पष्ट छायाचित्र द्यावे.

५) चाल : जनावर चालताना अर्ध्या मिनिटाची चित्रफीत घ्यावी. लंगडेपणा उभ्या जनावरात कळत नाही.

सोबतची माहिती

जात, वय, वेत, गाभण असल्यास महिना, सकाळ-संध्याकाळचे दूध, झालेले लसीकरण आणि छायाचित्राची तारीख लिहावी. मागच्या वेताचे जुने छायाचित्र वापरू नये; रंग उजळ करू नये. सड बंद असेल, मारण्याची खोड असेल तर ती आधीच सांगावी. लपविलेला दोष दावणीवर आल्यावर दिसतोच आणि व्यवहार मोडतो. एकदा नाव गेले की पुढच्या जनावरालाही गिऱ्हाईक मिळत नाही.

पैशाच्या व्यवहारात दक्षता

दुसऱ्याच्या गोठ्यातील छायाचित्रे दाखवून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात. खरेदीदाराने कानातील १२ अंकी बिल्ला दिसेल अशी त्याच दिवसाची चित्रफीत मागवावी, किंवा चित्रफितीवर चालू बोलणे करून जनावर पाहावे. प्रत्यक्ष पाहून, धार काढून खात्री झाल्याखेरीज इसार देऊ नये. विक्रेत्यांनीही लक्षात ठेवावे की पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाका असे कोणी सांगितल्यास ती फसवणूक समजावी. पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

अनोळखी गटांवर छायाचित्र टाकताना गोठ्याचा रस्ता, कुलूप, घराचा पत्ता दिसू देऊ नये. गावाचे नाव पुरेसे आहे. पत्ता खात्रीच्या गिऱ्हाइकालाच द्यावा.

आजारी जनावर

अंगावर गाठी, तोंडाला फोड, लाळ किंवा ताप अशी लक्षणे असतील तर ते जनावर विक्रीस काढू नये. ते वेगळे बांधून पशुवैद्यकास कळवावे. गाठीशेजारी एक रुपयाचे नाणे धरून घेतलेले छायाचित्र त्यांना पाठविल्यास आकाराचा अंदाज येतो. मात्र छायाचित्रावरून औषध ठरवू नये, तपासणी प्रत्यक्षच झाली पाहिजे.

थोडक्यात, छायाचित्राचे काम गिऱ्हाइकाला दावणीपर्यंत आणण्याचे आहे. सौदा मात्र जनावर समोर पाहूनच ठरवावा, म्हणजे घेणारा आणि देणारा दोघांचेही नुकसान टळेल.