मुंबई पाहायची, पण जेवायचे कुठे?

मे महिना लागला की आमच्या नागापुरात, एमआयडीसीच्या आसपासच्या घरांमधून मुंबईचे बेत ठरू लागतात. एसटीचे भाडे विचारले जाते, परळचे नाही तर कळव्याचे नातेवाईक आठवतात, मुलांना राणीची बाग आणि गेट वे दाखवायचे ठरते. सगळ्याचा हिशेब होतो. राहतो तो जेवणाचा. घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या दुपारपर्यंत पुरते. पुढे काय, ते तिथे गेल्यावर बघू म्हणायचे.

तिथे गेल्यावर काय होते, ते आपण सगळेच जाणतो. हॉटेलातले भाव वाचून वडील गप्प होतात आणि आई म्हणते, "मला भूक नाही. तुम्ही खा, मी नुसता चहा घेते." पर्यटनाच्या पुस्तकांत हे वाक्य नसते, पण ते ऐकलेले नाही असे मराठी घर विरळाच.

बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे मुंबईत गेली. कुणाला धंद्यासाठी कर्ज देताना आम्ही एक गोष्ट हमखास पाहायचो. धंदा कोणाच्या जिवावर चालतो, येत्या-जात्या गिऱ्हाइकाच्या की रोजच्या? जेवायला बसण्यापूर्वी हाच प्रश्न मनात आणावा. आजचे गिऱ्हाईक पुन्हा दिसणार नाही हे ज्याला ठाऊक असते, तो जागेचा भाव लावतो. तीच माणसे ज्याच्याकडे रोज येतात, त्याला भाव आणि चव दोन्ही सांभाळावे लागतात. आपल्या नागापुरातच पाहा ना! बाहेरगावाहून आलेला कारागीर पाहुण्यांच्या हॉटेलात जात नाही, मेस शोधतो.

मुंबईने तर ही मेस फार पूर्वीच उभी केली. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीने राहात, बायकामुले गावी. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत त्यांना जेवू घालणाऱ्या बायका म्हणजे गिरणगावातल्या खाणावळवाल्या. पगार होईपर्यंत किराणा उधारीवर, आणि उधारी म्हणजे व्याज आलेच. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. हाताची चव आणि शब्द, एवढेच त्यांचे तारण! जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, खाणावळींची पंगतही पांगली. पण स्वस्त जेवण कोणासाठी शिजते, हे त्या बायकांनी शिकवून ठेवले.

इतर ठिकाणांचीही कुळकथा हीच. दादर स्टेशनजवळचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० चे. माटुंगा स्टेशनजवळचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. तिथे केळीच्या पानावर जेवण मिळते. वडापावाचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या अशोक वैद्य यांची गाडीही १९६६ साली दादर स्टेशनाबाहेरच लागली. सरकारचे पाऊलही याच वाटेवर पडले. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली, २०२० च्या प्रजासत्ताक दिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी.

म्हणून पाहण्याची जागा आणि जेवणाची जागा वेगळी ठेवावी. गेट वे आणि वस्तुसंग्रहालय पाहून झाले की समुद्राकडे पाठ करून फोर्टातल्या ऑफिसांच्या गल्ल्यांत शिरावे. कारकून मंडळी जिथे राईस प्लेट खातात तिथेच बसावे, मात्र एकची गर्दी उसळण्यापूर्वी. रविवारी ऑफिसे बंद, तेव्हा दादर-गिरगाव बरे. राणीची बाग पाहून निघालात तर भायखळ्याला धीमी लोकल पकडावी. दादर, माटुंगा त्याच मार्गावर आहेत. आणि विचारायचे तर टॅक्सीवाल्याला नव्हे, संग्रहालयाच्या पहारेकऱ्याला विचारावे, "तुम्ही कुठे जेवता?"

बसण्यापूर्वी भाव विचारण्यात कमीपणा नाही. थाळी हवी तेवढी वाढतात की मोजकी, दोघांत एक चालते का, हेही आधीच विचारावे. बिल नीट वाचावे. जीएसटी द्यावाच लागतो. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक आहे. हॉटेलाने ते आपणहून बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. तेव्हा ते काढून टाका म्हणताना आवाज चाचरू देऊ नये.

राहिला आईचा प्रश्न. तो हॉटेलात सुटत नाही, घरून निघतानाच सोडवावा लागतो. एसटीच्या तिकिटाचे पैसे आपण आधी बाजूला काढतो, कारण त्यावाचून प्रवास नाही. तसेच माणशी दोन जेवणांचे पैसे रोजच्या हिशेबाने काढावेत आणि वेगळ्या पाकिटात ठेवावेत. कमी पडले तर एखादा दिवस कमी करावा, एखादे ठिकाण पुढच्या वर्षावर टाकावे; गेट वे कुठे पळून जात नाही. पाकीट आईच्याच हाती द्यावे आणि एक अट घालावी, वेटर आला की पहिले ताट तिचे सांगायचे.