आयकराचा हप्ता आणि शेतकऱ्याची पत

शेतसाऱ्याचा हप्ता ठरल्या दिवशीं भरून पावती जपून ठेवण्याची शिस्त आमच्या शेतकरी बंधूंच्या अंगीं पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे. घरांत लग्न असो वा पीक बुडालेलें असो, जमिनीवर सरकारची बाकी राहूं द्यावयाची नाहीं, हा बाणा जुन्या कर्त्या माणसांनीं राखला. परंतु आयकराची गोष्ट निघाली कीं तीच मंडळी 'शेतीच्या उत्पन्नावर कर नाहीं' एवढें बोलून स्वस्थ बसतात. हें बोलणें खरें आहे, पण अर्धेंच. उरलेलें अर्धें पुष्कळांस व्याज भरून शिकावें लागतें.

आपल्या देशांत आयकर प्रथम १८६० सालीं बसला. १८८६ च्या कायद्यानें शेतीचें उत्पन्न त्यांतून वगळलें, व ती सूट आजहि चालू आहे. मात्र तिचा लाभ जमिनीच्या लागवडीच्या उत्पन्नास आहे. ऊस, कापूस, द्राक्षें, रोपवाटिकेंतील रोपें व शेतजमिनीचा खंड हीं तींत येतात. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, खतांचें दुकान, तालुक्याच्या गांवच्या गाळ्याचें भाडें व बँकेंतील ठेवीचें व्याज हीं येत नाहींत. उसाच्या बिलाचा पैसा ठेवींत टाकला तर मूळ रक्कम शेतीची खरी, पण तिचें व्याज शेतीचें नव्हे. शिवाय असें अन्य उत्पन्न करमाफ मर्यादेच्या वर गेलें व शेतीचें निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असलें, म्हणजे अन्य उत्पन्नावरील कर ठरवितांना शेतीचा आंकडाहि हिशेबांत धरतात.

कर वर्ष संपल्यावरच भरावयाचा, ही दुसरी चुकीची समजूत. कापून गेलेला कर वजा जातां १०,००० रुपये वा अधिक देणें होत असेल, तर तें आगाऊ भरावें लागतें: १५ जूनपर्यंत शेंकडा १५, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ व १५ मार्चपर्यंत सर्व. लहान धंद्याचा नफा उलाढालीवरून ठोकळ मानानें धरण्याची सवलत घेणारास १५ मार्चचा एकच हप्ता पुरतो. ६० वर्षें पूर्ण झालेल्या व धंद्याचें उत्पन्न नसलेल्या रहिवासी गृहस्थांस आगाऊ भरण्याची सक्ती नाहीं.

समजा, गाळ्याचें भाडें व ठेवीचें व्याज यांवर एका शेतकऱ्याचें ४०,००० रुपये देणें निघालें आणि हप्ते न भरतां त्यानें सर्व रक्कम ३१ जुलै रोजीं भरली. पहिल्या तीन हप्त्यांच्या तुटीवर शेंकडा ३ प्रमाणें १८०, ५४० व ९०० रुपये आणि शेवटच्या तुटीवर शेंकडा १ प्रमाणें ४०० रुपये, मिळून २,०२० रुपये व्याज झालें. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचें दरमहा शेंकडा १ प्रमाणें आणखी १,६०० रुपये. म्हणजे ३,६२० रुपये निव्वळ आळसापायीं गेले! विवरणपत्राची मुदत टळली तर वेगळें व्याज आणि ५,००० रुपयांपर्यंत विलंबशुल्कहि पडतें. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पुरा महिना धरतात, हेंहि ध्यानांत ठेवावें.

यावर कोणी म्हणेल, 'जूनमध्यें बियाणें व खत यांनाच पैसा पुरत नाहीं, तेथें कर कोठून भरावा?' अडचण खोटी नाहीं. पण ज्या उत्पन्नावर हा कर बसतो तें हंगामाची वाट पाहत नाहीं. भाडें दरमहा येतें. दुधाचें बिल ठराविक दिवसांनीं येतें. अडचण पडते ती हा पैसा घरखर्चांत मिसळल्यामुळें. शहाणा शेतकरी पुढील पेरणीचें बी आधीं वेगळें काढतो व मग उरलेलें धान्य खातो. तीच रीत येथें लावावी. कराचा वांटा येणाऱ्या प्रत्येक रकमेंतून काढून निराळ्या खात्यांत ठेवावा व हप्त्याच्या दिवशींच त्याला हात लावावा.

पैसे भरल्यावर चलनावरील पॅन क्रमांक व वर्ष ताडून पाहावें, आणि चलन सात-बाराच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवावें. गोठा वाढविण्यास किंवा दुकानास कर्ज मागतांना बँक बहुधा मागील वर्षांचीं विवरणपत्रें मागते. तेव्हां हींच कागदपत्रें आपली पत सांगतात. आमची वाचकांस एवढीच विनंती आहे कीं, पेरणीच्या वहींत बियाण्याच्या हिशेबाखालीं १५ जून ही तारीखहि आजच लिहून ठेवावी.