यंत्र बदललं, सांगितलं कुणी?

जामनेर तालुक्यातलं पहूर खानदेशातल्या कपाशीच्या पट्ट्यात येतं. इथल्या जिनिंगमध्ये पूर्वी बाया डोक्यावरच्या टोपल्यांनी कपास यंत्रापर्यंत नेत. फेब्रुवारी 2000 मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं. फरसबंद आवार, कपास वाहणारे पट्टे, आपोआप भरणारे फीडर अशी नवी मांडणी जिनिंगमध्ये येऊ लागली.

यंत्र फिटर बसवून जातो. ते माणसांना समजावणं मागे उरतं.

‘कापसात सुतळी नको’ अशी पाटी सगळीकडे दिसते. का नको, हे क्वचितच सांगितलं जातं. प्लास्टिकच्या सुतळीचा तुकडा पुढे सूतगिरणीत पिंजला की त्याचे बारीक तंतू होतात, सुतात शिरतात आणि कापसाचा रंग धरत नाहीत. रंगवलेल्या कापडावर डाग उमटतो. असा एक डागाळलेला कपडा पाळीच्या सुरुवातीला हातात दिला, तर दहा पाट्यांचं काम होईल.

भीती पोटाची असेल तेव्हा मात्र नमुना पुरत नाही. 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत प्रत्येक कामगाराकडे जास्त यंत्रं सोपवण्याची योजना आली. रोजगार जाईल या धास्तीने एप्रिल ते ऑक्टोबर संप चालला. पुढे औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9-अ ने पगार, पाळ्या किंवा कपात ओढवणारी यंत्रसुधारणा यांसाठी 21 दिवसांची नोटीस सक्तीची केली. सुतळीसारखे छोटे बदल त्यात बसत नव्हते.

जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास रंगात येतो. पहिली गाडी उतरण्याआधी मालकांनी अर्धा तास जिनिंगमधल्या बायांना द्यावा, आणि त्यांचं म्हणणंही ऐकावं.