गहुली: तांड्याचं गाव आणि गावांचा कायदा

महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री देणारं गाव, अशी गहुलीची ओळख करून देण्याची रीत आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातल्या या गावात 1 जुलै 1913 रोजी वसंतराव नाईक जन्मले आणि 21 ऑगस्ट 1934 रोजी त्यांचे पुतणे सुधाकरराव. काका अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते, पुतण्याला जेमतेम पावणेदोन वर्षं मिळाली. ओळख खरी आहे, पण तिच्यातून गावाबद्दल काहीच कळत नाही. गहुली हा मुळात बंजारा तांडा. तांडा म्हणजे फिरणारी वस्ती. ती थांबली, जमिनीला चिकटली, आणि तिच्यातल्या एका मुलाने पुढे अख्ख्या राज्यातल्या गावांचा कारभार कसा चालावा याचा आराखडा तयार केला. गहुलीची गोष्ट सांगायची ती यासाठी.

पुसदचा मुलूख यवतमाळ जिल्ह्याच्या नैऋत्येला आहे. वाशिमच्या बाजूने येणारी पूस नदी इथून जाते आणि पुढे पैनगंगेला मिळते. पैनगंगा ही जिल्ह्याची दक्षिणेची सरहद्द. तिच्या पलीकडे हिंगोली आणि नांदेड, म्हणजे मराठवाडा, म्हणजे 1948 पर्यंतचं निजामाचं राज्य. पुसद शहर डोंगरांच्या वाटीत बसलं आहे. खोऱ्यात काळी कसदार जमीन, टेकड्यांच्या उतारावर मुरमाड बरड आणि त्याच्या वर सागाचं जंगल. पावसाळ्यानंतर हा भाग इतका हिरवा दिसतो की परक्या माणसाला कोरडवाहू विदर्भात आल्याची शंकाही येणार नाही. मार्चमध्ये यावं, म्हणजे शंका फिटते.

काळी जमीन गावांकडे गेली आणि तांडे उतारावर राहिले. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड या पट्ट्यात हे चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. नदीकाठी जुनं गाव, त्याची वेस, त्याचा मारुती. तिथून कोस-दीड कोसावर, जंगलाच्या कडेला, तांडा. असं का झालं याचं उत्तर बैलांच्या पाठीवर आहे.

लमाणांचा, म्हणजे बंजाऱ्यांचा, धंदा वाहतुकीचा. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर गोण्यांत लादायचं आणि घाटवाटांनी शेकडो कोस न्यायचं. सतराव्या शतकात हिंदुस्थान फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे काफिले रस्त्यात भेटल्याचं लिहून ठेवलं आहे. असा काफिला समोरून आला की वाट मोकळी होईपर्यंत बाकीच्यांना थांबावं लागे. मोगलांच्या दख्खनच्या फौजा याच धान्यावर जगल्या. 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडच्या लढाया मारल्या, तेव्हा त्याच्या सैन्याचा दाणापाणीही बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होता. लढणारे दोन्ही पक्ष ज्यांच्याकडून धान्य घेतात त्यांना सहसा कुणी लुटत नाही, एवढी व्यवहारी शहाणीव त्या काळात होती.

या व्यवस्थेचा शेवट आगगाडीने केला. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ वऱ्हाडातून नागपूरला पोहोचले. जे मीठ कोकणातून बैलांवर महिनोन् महिने येत होतं, ते वाघिणीतून येऊ लागलं. हजारो बैलांचा तांडा पोसण्यात अर्थ उरला नाही. त्यातच इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि फिरत्या माणसाकडे संशयाने पाहणं ही सरकारी रीत झाली. थांबणं भाग होतं. पण चांगल्या जमिनी आधीच कुणाच्या ना कुणाच्या नावावर लागलेल्या. उरलं होतं ते टेकडीच्या उताराचं बरड आणि जंगलाची कड. तिथे तांडे उतरले आणि तिथेच राहिले.

गहुलीचा तांडा वसवला तो चतुरसिंग राठोड यांनी, असं सांगतात. ते वसंतरावांचे आजोबा. तांड्याचा प्रमुख नायक, त्याच्या हाताखाली कारभारी. तंटा झाला की दोघे माणसं बसवणार आणि निवाडा देणार. लग्न ठरणं, सण कधी करायचा, कुणाला दंड करायचा, सगळं त्यांच्या शब्दाने. राठोड घराण्याला नाईक हे आडनाव लागलं ते या मानामुळे. चतुरसिंगांचा मुलगा फुलसिंग. त्यांनी शेती वाढवली आणि मुलांना शिकवायचं ठरवलं. बैलांमागे चालणाऱ्या पिढीनंतरच्या दुसऱ्याच पिढीने हा निर्णय घेतला, हे लक्षात घ्यायला हवं.

नायकाच्या घराचं तांड्यातलं स्थान बघायचं तर श्रावणात, तीजेच्या सणाच्या दिवसांत बघावं. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत माती आणि खत घालून भिजवलेले गहू पेरतात. टोपल्या ठेवायच्या त्या नायकाच्या घरी. रोज पाणी घालायला मुली घोळक्याने येतात, टोपल्यांभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. नऊ दिवसांत पिवळसर-हिरवे अंकुर वीतभर होतात. शेवटच्या दिवशी ते उपटून भावांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या हाती, पागोट्यात खोचायला द्यायचे आणि उरलेलं पाण्यात सोडायचं. निवडणुका आल्या, सरपंच आला, ग्रामसेवक आला, पण टोपल्या नायकाच्या घरीच जातात.

वसंतरावांचं शिक्षण गहुलीत होणं शक्य नव्हतं. आजूबाजूच्या गावांच्या शाळांत ते चालत जात. पुढे नागपूर. मॉरिस कॉलेजातून 1938 मध्ये बी.ए., 1940 मध्ये कायद्याची पदवी. 1941 मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी लग्न केलं. बंजारा मुलगा आणि ब्राह्मण मुलगी. त्या काळात दोन्हीकडून व्हायचा तो गहजब झालाच. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिली, मग पुसदला स्वतंत्र वकिली, 1946 मध्ये पुसदचं नगराध्यक्षपद, 1952 मध्ये जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत प्रवेश. बंजाऱ्यांसह अनेक जमाती गुन्हेगार जमातींच्या यादीतून अधिकृतपणे मुक्त झाल्या त्या 31 ऑगस्ट 1952 रोजी. त्याच वर्षी गहुलीचा हा वकील आमदार झाला.

1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झालं, आणि महिना-दोन महिन्यांत, 27 जूनला, सरकारने लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करायला एक समिती नेमली. अध्यक्ष महसूलमंत्री वसंतराव नाईक. देशात तेव्हा बलवंतराय मेहता समितीच्या अहवालाची चर्चा होती. त्या अहवालाचा भर तालुक्याच्या पातळीवरच्या पंचायत समितीवर होता आणि राजस्थानने नागौरपासून 2 ऑक्टोबर 1959 रोजी त्या वाटेने सुरुवातही केली होती. नाईक समितीने वेगळी वाट धरली. पैसा, कर्मचारी आणि अधिकार पेलायचे तर संस्था मोठी हवी, म्हणून तिने खरी सत्ता जिल्ह्याला दिली. 15 मार्च 1961 रोजी समितीने 226 शिफारशींचा अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

या शिफारशींतल्या दोन गोष्टींमागे मोठं राजकीय धाडस होतं. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत बसवायचं नाही, ही पहिली. आणि जिल्हाधिकाऱ्याला बाहेर ठेवून परिषदेला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी द्यायचा, ही दुसरी. मंत्र्यानेच अशी शिफारस करावी की गावच्या शाळा, दवाखाने, रस्ते यांच्या खर्चात आमदाराने बसू नये, हे आज वाचताना चमत्कारिक वाटतं. पण यामुळेच गावोगावच्या तरुणांना आमदारकीआधी शिकायला एक जागा मिळाली. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून आले. आणि सुधाकरराव नाईक गहुलीचे सरपंच झाले, मग पुसद पंचायत समितीचे सभापती, मग यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. काकांनी कागदावर आखलेल्या तिन्ही पायऱ्या पुतण्याने एकेक करून चढल्या. घराणेशाही म्हणायचं तर म्हणता येईल. पुसदची आमदारकी बहुतेक काळ याच घरात राहिली आहे, तेव्हा म्हणायलाच हवं. पण ही घराणेशाही सरपंचपदापासून सुरू झाली, एवढं मात्र तिच्या बाजूने नोंदवावं लागेल.

मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांच्या निधनानंतर 5 डिसेंबर 1963 रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत राहिले. पाइप ओढणारा, सुटाबुटातला हा मुख्यमंत्री शेतीवर मात्र शेतकऱ्यासारखा बोलत असे. धान्यटंचाईच्या दिवसांत, 1965 मध्ये, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर शनिवारवाड्यासमोर मला फाशी द्या, असं ते बोलून गेले आणि ते वाक्य त्यांना जन्मभर चिकटलं. सीएसएच-1 हे संकरित ज्वारीचं बियाणं 1964 मध्ये आलं होतं. सरकारने ते गावोगाव पोहोचवलं. उतारा झपाट्याने वाढला. भाकरी मात्र गावरान ज्वारीसारखी होत नाही, ही बायकांची तक्रार तेव्हापासूनची आहे आणि ती खोटी नाही. चारही कृषी विद्यापीठं याच कारकिर्दीतली, 1968 ते 1972 मधली. 1972 च्या दुष्काळात खडी फोडण्याची, पाझर तलावांची, बांधबंदिस्तीची कामं काढून लाखो माणसं जगवली गेली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्या कसोटीतून उभी राहिली. वसंतरावांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात.

सुधाकररावांची कारकीर्द आखूड. जून 1991 मध्ये आले, मुंबईच्या दंगलींनंतर 1993 च्या सुरुवातीला गेले. पण जलसंधारणाचं स्वतंत्र खातं त्यांनी 1992 मध्ये काढलं. उतारावरच्या बरडात वाढलेल्या माणसाला धावतं पाणी अडवावंसं वाटणं साहजिक आहे. 10 मे हा त्यांचा स्मृतिदिन जलसंधारण दिन झाला.

आता या सगळ्यातला पेच. ज्या घराने राज्याला पंचायत राज दिलं, त्याच्या समाजाच्या वस्त्या त्या पंचायत राजमध्ये कुठे बसतात?

इथे फ्रान्सकडे बघणं उपयोगी आहे. तिथे गावाला कम्यून म्हणतात. क्रांतीच्या वर्षी, डिसेंबर 1789 मध्ये, कायदा झाला आणि प्रत्येक कम्यूनला स्वतःची परिषद आणि मेयर मिळाला. आज तिथे सुमारे 35 हजार कम्यून आहेत, महाराष्ट्रातल्या 27-28 हजार ग्रामपंचायतींपेक्षा जास्त, आणि निम्म्याहून अधिक कम्यूनची वस्ती पाचशेच्या आत आहे. द्रोम प्रांतातल्या रोशफुर्शा या कम्यूनमध्ये जनगणनेत एकच रहिवासी नोंदला गेला. तरी कम्यून आहे. व्हर्दंच्या लढाईत 1916 मध्ये उद्ध्वस्त झालेल्या सहा गावांत कुणीच राहत नाही. त्यांनाही मेयर आहेत, सरकारने नेमलेले.

आपल्याकडे उलटं घडलं. आपलं गाव म्हणजे महसुली गाव: नकाशा, शिवार, गावठाण, तलाठ्याचं दप्तर. महसुली बंदोबस्ताच्या वेळी जी वस्ती जागेवर होती ती गाव झाली. तांडा नंतर थांबला, तोही दुसऱ्याच गावाच्या शिवारात, गायरानावर किंवा वनखात्याच्या हद्दीत. म्हणून शंभर-दोनशे घरांची वस्ती असूनही अनेक तांड्यांना स्वतःचा नकाशा नाही. जनगणनेत त्यांची डोकी मूळ गावात मिळवली जातात. घर गावठाणाबाहेर, म्हणून जागेचा कागद नाही. कागद नाही म्हणून घरकुल अडतं आणि बँकही अडवते. स्वतंत्र ग्रामपंचायत मागावी तर किमान लोकसंख्येची आणि अंतराची अट आडवी येते. एकत्र ग्रामपंचायतीत राहावं तर बहुमत मोठ्या गावाचं, आणि पाण्याची टाकी कुठे बांधायची हे बहुमतच ठरवतं. तांड्यांसाठी वसंतरावांच्याच नावाने तांडा-वस्ती सुधार योजना निघाली, अलीकडे संत सेवालाल महाराजांच्या नावाने तांडा समृद्धी योजनाही आली. तांड्यांना महसुली गावाचा आणि ग्रामपंचायतीचा दर्जा देणं हे तिच्या उद्देशांत आहे, म्हणजे प्रश्न असल्याचं सरकारनेच लिहून दिलं आहे.

समाजाचं मोठं तीर्थ, पोहरादेवी, इथून फार दूर नाही; वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात. रामनवमीला तिथे देशभरचे बंजारे लोटतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांनी केलं. ज्या आगगाडीने लमाणांचे बैल बसवले, ती मात्र आज पुसदला येत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. पुसद त्याच मार्गावर पुढे आहे.

तोवर वाहतूक ट्रकांची. दिवाळी झाली की पुसद, महागाव, उमरखेडच्या तांड्यांत मुकादमांचे ट्रक लागतात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, बरोबर भांडी, पत्रे आणि लहान मुलं. ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. तांड्यात म्हातारी माणसं राहतात. गाळप संपून ट्रक परततात ते मार्च-एप्रिलमध्ये. 26 जानेवारीची ग्रामसभा या लोकांविना होते. 1 मेच्या सभेला ते घरी असतात, पण कोणत्या कामावर खर्च करायचा ते बहुतेक वेळा तोवर ठरून गेलेलं असतं.