कोंडवाड्याचा न्याय वाहनांना का नको?

सेलू तालुक्यातील केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी वर्धा जिल्ह्यातील लोकपरंपरा आहे. बकासुरासाठी अन्नाने भरलेला गाडा घेऊन भीम येथूनच निघाला, अशी श्रद्धा आहे. त्या गाड्याची वाट अडविण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. आजचा प्रश्न नेमका उलट आहे. गाड्यांनीच वाट अडविली तर दाद कोणाकडे मागावयाची? नागपूर-वर्धा मार्गावरील या गावी टेकडीवरच्या सिद्धिविनायकाच्या दर्शनास भाविक येतात. अशा कोणत्याही क्षेत्री गर्दीच्या दिवशी एखादी मोटार कोणाच्या फाटकासमोर किंवा थेट अंगणात उभी राहिली आणि त्याच वेळी घरातील रुग्णाला दवाखान्यात न्यावयाचे असले, तर हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा उरत नाही.

सार्वजनिक जागेपुरता कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 127 अन्वये दहा तास वा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले, अथवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन ओढून नेण्याची किंवा त्याच्या चाकाला जॅमर लावण्याची परवानगी गणवेशातील, त्या हद्दीचा पोलीस अधिकारी देऊ शकतो. वाहतुकीस धोका असल्यास वाहन तात्काळ हलविता येते. ओढून नेण्याचा खर्च मालकाच्या माथी बसतो आणि दंड वेगळा. वाहने कोठे उभी राहावीत हे कलम 117 नुसार राज्य शासन वा त्याने नेमलेले प्राधिकरण स्थानिक संस्थेच्या सल्ल्याने ठरविते. तात्पर्य, सार्वजनिक रस्त्यावर कोणी स्वतःच ‘वाहने उभी करू नयेत’ अशी पाटी ठोकली, तर तिला विनंतीपलीकडे मोल नाही.

खरी अडचण फाटकाच्या आतली आहे. कलम 127 सार्वजनिक जागेविषयी बोलते. खासगी अंगणाविषयी ते मौन पाळते. जागेचा मालक संतापून चाकांतील हवा सोडू लागला वा मोटार साखळीने जखडू लागला, तर फिर्यादीचा आरोपी व्हावयास वेळ लागत नाही. वाहन हीदेखील मालमत्ताच आहे आणि कायद्याच्या अधिकाराविना कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे संविधानाचा अनुच्छेद 300-अ बजावतो. म्हणून आज त्याला मार्ग एकच: पोलिसांना कळविणे आणि वाट पाहणे.

आश्चर्य असे की, गुरांच्या बाबतीत हा पेच दीडशे वर्षांपूर्वीच सोडविला गेला होता. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाची नासाडी करणारे जनावर धरण्याचा हक्क दिला. मात्र ते चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोहोचविण्याचे बंधनही घातले. कोंडवाड्याच्या रखवालदाराने जनावराचे वर्णन, धरून आणणाऱ्याचे नाव आणि दिवस-वेळ नोंदवावयाची, त्या नोंदीची नक्कल द्यावयाची. दंडाचे दर ठरलेले असत. आणि जनावर अन्यायाने धरले असेल तर त्याच्या मालकाला शंभर रुपयांपर्यंत नुकसानभरपाईही मिळे. शेतकरी व गुराखी या दोघांचाही विचार त्यात होता.

याउलट, नियंत्रणाविना खासगी हाती हा अधिकार गेला की काय होते, हे इंग्लंडने अनुभवले. खासगी जागेत जॅमर लावून अवाच्या सवा रकमा उकळल्या जाऊ लागल्या. अखेर 2012 च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये कायदेशीर अधिकाराविना असे करणे गुन्हा ठरविले गेले. म्हणजे मालकाला निरंकुश अधिकार देणे हाही उपाय नव्हे.

उपाय कोंडवाड्याच्या तत्त्वातच आहे. खासगी जागेतील अडथळ्याची तक्रार ठराविक मुदतीत निकालात काढण्याचे बंधन पोलिसांवर असावे. वाहन नेताना छायाचित्र व पावती द्यावी, दर ठळक अक्षरांत लावावेत आणि चुकीने नेलेल्या वाहनाची भरपाई व्हावी. त्याचबरोबर तीर्थक्षेत्राच्या गावी वाहनतळाची जागा आधी आखून द्यावी. कारण गाडी कोठे लावावी हे न सांगता कोठे लावू नये एवढेच सांगणारा नियम टिकत नाही. जनावराला मिळालेला न्याय त्याच्या मागून आलेल्या मोटारीला व तिने अडविलेल्या गृहस्थाला मिळू नये, यास कारण दिसत नाही.