कंबरेचा विजेचा पट्टा : गुण किती, भ्रम किती?



रात्रीचे पाणी द्यायचे, सकाळी मोळ्या चढवायच्या. तोडणीवाल्यांचे तर दिवसभर वाकूनच काम. कंबर धरली नाही असा माणूस दिंद्रुड भागात शोधूनच काढावा लागेल. त्यामुळे उसाचे बिल हाती पडले की एक प्रश्न हमखास निघतो, “तो बॅटरीचा पट्टा बांधला तर कंबर बरी होती का हो?”

या यंत्राला टेन्स म्हणतात. छोटी बॅटरी, दोन तारा आणि कातडीला चिकटणाऱ्या गाद्या, एवढाच त्याचा संसार. पट्ट्यात हेच सारे शिवलेले असते. सुरू केले की मुंग्या येतात. नडगीला ठेच लागली की आपण ती जागा चोळतो आणि कळ कमी वाटते. तसाच हा प्रकार. १९६५ साली मेलझॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले की मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. स्पर्शाची गर्दी झाली की दुखण्याची वर्दी मेंदूकडे कमी पोचते. टेन्स याच विचारातून पुढे आले.

म्हणजे वर्दी अडते, दुखणे तिथेच राहते. सरकलेली गादी यंत्राने जागेवर येत नाही. यंत्र चालू असताना व नंतर थोडा वेळ काहींना आराम वाटतो, हे खरे. पण ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी आरोग्य संस्थेने २०१६ साली पुरावे तपासून कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असाच सल्ला दिला. शिवाय कळ दबली म्हणून गडी पुन्हा मोळी उचलायला गेला, तर आणखीच पंचाईत! एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत असे विजेचे पट्टे सगळ्या रोगांवर अक्सीर म्हणून विकले गेले. जाहिरातीची भाषा आजही फारशी बदललेली नाही.

मग वीज अंगावर बांधणे सगळेच फोल का? मुळीच नाही. लकवा मारल्यावर काहींचे पाऊल लोंबते, चालताना बोटे जमिनीला घासतात. अशांसाठी अमेरिकेत लिबर्सन यांनी १९६१ साली एक युक्ती केली. बुटात टाचेखाली बटण, आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूच्या शिरेवर गादी. टाच उचलली की झटका बसतो व पाऊल वर येते. आज ते यंत्र पोटरीला पट्ट्यासारखे बांधता येते. मात्र मणक्यापासून पायापर्यंतची शीर शाबूत हवी. ती तुटलेली असेल तर याचा उपयोग नाही.

आता काळजीचे. हृदयात पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हातही लावू नये. गरोदर बाई व फिट येणारा माणूस यांनीही तसेच. गळ्यावर, छातीवर व जखमेवर गादी लावू नये. साखरेच्या आजाराने पाय बधिर झाले असतील तर कातडी भाजली तरी कळत नाही. ट्रॅक्टर चालवताना यंत्र बंदच ठेवावे.

आणि कंबरेबरोबर पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, तर पट्टा-बिट्टा बाजूला ठेवून त्याच दिवशी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठावे. तिथे उद्यावर ढकलू नये. उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असे नाही.